खाटेशेजारचा डबा

कामावरून घरी आले की मी आधी खुंटीकडं बघायचे. मुलीच्या खोलीत दाराच्या मागं एक खुंटी आहे, तिला माझ्या आईची कापडी पिशवी टांगलेली असायची. पिशवी जागेवर दिसली की माय घरात आहे. नाही दिसली तर ती स्टँडवर जाऊन गावाकडच्या जीपमध्ये बसली असं समजायचं आणि चप्पल न काढता तसंच मागं फिरायचं, हे मी मनात ठरवूनच ठेवलं होतं. तसं कधी झालं नाही. पण ऑफिस सुटायची वेळ जवळ आली की माझे पाय टेबलाखाली चालायला लागायचे. शेजारच्या टेबलावरच्या मॅडम म्हणायच्या, "तुम्ही बसल्या जागी घरी पोचता बघा."

माय दसऱ्यानंतर माझ्याकडं केजला आली. आली म्हणजे मी आणली. आमचं माहेर ऊसतोडीचं. भाऊ आणि भावजय दरवर्षी कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात ते उन्हाळ्यातच परत येतात. मायही जायची. मग गुडघे गेले, म्हणून मागच्या हंगामात ती गावी एकटी राहिली आणि पाणी आणताना ओसरीच्या पायरीवरून घसरली. सकाळी पडली ते शेजारणीला संध्याकाळी कळलं. तेव्हापासून माझं एकच होतं, की भाऊ परत येईपर्यंत तिनं माझ्याकडं राहावं. तिचंही एकच होतं, की चार दिवस राहिले, लेकीचं मन राखलं, आता मला सोड. पिशवीतलं लुगडं ती धुऊन परत पिशवीतच ठेवायची. कंगवा पिशवीत, बामची बाटली पिशवीत. कपाटाचा एक खण मी तिच्यासाठी मोकळा केला होता, त्यात मी अंथरलेला पेपर तेवढा होता.

मी ऊसतोडीच्या कोपीतून बी.ए. झाले, हे मी कुणापासून लपवत नाही. कोपी म्हणजे पाचट आणि बांबूची झोपडी, उसाच्या फडाच्या कडेला उभी करायची, ऊस संपला की मोडायची. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आता तहसीलला नोकरी आहे, कॉलनीत स्वतःचं घर आहे. नवरा कड्याला साखर कारखान्यात आहे, तो सुट्टीला येतो. मुलगी लातूरला हॉस्टेलवर. एवढं सगळं झालं, तरी माझी आई माझ्या घरात पिशवी भरून बसते, हे मला सहन होत नव्हतं.

आता डब्यांचं सांगते.

आमच्या कॉलनीत घंटागाडी यायला लागली तसं ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा द्यायचा, असं ठरलं. त्याआधी आमच्या घरात कचऱ्याला म्हणून डबा नव्हताच. एक फुटकी बादली होती, तिलाच सगळे डबा म्हणायचे. मी मेन रोडच्या प्लॅस्टिकवाल्याकडं गेले. तो स्टुलावर चढून बादल्या काढत होता.

"कचऱ्याचा डबा पायजे."

"घरातला का बाहीरचा?"

"दोन्हीकडं चालंल असा द्या एखादा."

तो वरूनच म्हणाला, "ताई, पायातली चप्पल अन् डोक्यावरची टोपी एकच घेता का तुमी?"

मला राग आला, पण बोलणं खरं होतं. स्वयंपाकघरात डबा झाकणाचा हवा, लहान हवा, धुवायला सोपा हवा. मोठा घेतला की माणूस आळशी होतं, उद्या टाकू म्हणतं आणि मग ते खरकटं आंबतं. झुलत्या झाकणाचे डबे दिसायला छान, पण भाताची शितं त्या झाकणाच्या कडेला चिकटून बसतात आणि झाकण घासायचं तेवढं काम वाढतं. बाहेरचा डबा मात्र जड पाहिजे, नाहीतर बांधून ठेवता आला पाहिजे, कारण आमच्याकडं डुकरं आहेत. हलकी बादली डुकराला काय, नाक लावलं की आडवी. आणि उन्हात ठेवायची सोय नाही. बीडच्या उन्हात प्लॅस्टिक दोन उन्हाळ्यांत पापडासारखं तडकतं. हे सगळं मी त्या दुकानात उभी राहून ठरवलं असं नाही. काही तिथं कळलं, काही चुकून कळलं. त्या दिवशी मी एक चकचकीत स्टीलचा डबा घेतला, पायानं दाबला की झाकण उघडणारा, आत उचलून काढायची बादली. खरं तर आमच्या मॅडमच्या घरी तसा बघितला होता, म्हणून घेतला. बाहेरसाठी एक निळा ड्रम घेतला, झाकणाचा. आणि मायच्या खोलीत मुलीचा जुना गुलाबी डबा होता, हातभर उंचीचा, तो घासून, तळाला पेपर घालून खाटेशेजारी ठेवला.

स्टीलचा डबा ओट्याखाली ठेवून मी ऑफिसला गेले. आले तर खुंटीला पिशवी होती. जीव खाली पडला. भाकरीचा वास येत होता. माय परातीत पीठ मळत होती, मध्येच तिनं पाय लांब केला, डब्याचं झाकण टणकन उघडलं, आणि तिनं आतून ओंजळभर ज्वारीचं पीठ घेतलं.

"माय, ह्यो डबा कशाचा हाय?"

"पिठाचा. लई गुनाचा हाय. हात भरल्यावर टोपन कशानं उघडावं मानसानं? कुनाला तरी सुचलं बघ इतक्या वर्साला."

डबा दुकानातून सरळ घरात आला होता, त्यात कचऱ्याचा कण पडला नव्हता. तिच्या तोंडावर जो आनंद होता तो मी तिच्या तोंडावर ह्या घरात पहिल्यांदा बघत होते. मग मी सांगणारी कोण? मी म्हणाले, "हां, पिठाचाच हाय." आणि फुटकी बादली पुन्हा मोरीजवळ आणून ठेवली.

पुढच्या सुट्टीला मॅडम आमच्याकडं चहाला आल्या. बिस्किटाचा पुडा फोडला, कागद हातात राहिला. त्यांच्या घरी तसाच डबा. बोलता बोलता उठल्या, ओट्यापाशी गेल्या, पाय दाबला आणि न बघता कागद आत सोडला.

माय भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "अवं बाई, पिठात कागुद कावून टाकला?"

मॅडमनं आत वाकून बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मला मान्य आहे, माझे कान तापले. मॅडम तशा मनानं चांगल्या, पण ऑफिसात गोष्ट त्यांच्या आधी पोचते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी विचारलंच, "काय ताई, आज भाकरी डस्टबिनमधली का?" मी डबा उघडून टेबलाच्या मधोमध ठेवला. "हां, डस्टबिनमधलीच हाय. घ्या." सगळ्यांनी हात घातला. विचारणाऱ्यानं तर दोन तुकडे घेतले. मी घासभरसुद्धा खाल्लं नाही आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

निळ्या ड्रमचंही तेच. नळाला पाणी आलं त्या दिवशी मी ऑफिसात होते. मायनं ड्रम विसळला, भरला, वर फडकं बांधलं. मी बोलायच्या आधीच ती म्हणाली, "दारात रिकामा ड्रम आन नळाला पानी. मी काय हात बांधून बसू?"

नवरा कड्याहून सुट्टीला आला. त्यानं सगळं घर फिरून बघितलं आणि पाय धुता धुता म्हणाला, "कचऱ्याला डबा आणला, त्यात पीठ. ड्रम आणला, त्यात पाणी. आता कचरा कशात टाकायचा, माठात?" माय पदराआड हसली. जावयासमोर ती मोठ्यानं हसत नाही. मग नवऱ्यानंच बाजारातून एक लहान झाकणाचा डबा आणला, आणि बाहेरसाठी एक जाड काळी बादली. ती त्यानं गेटच्या गजाला, कुत्र्याचं तोंड पोचणार नाही इतक्या उंच, तारेनं आवळून बांधली. ओलं आत, सुकं बाहेर. आमचा प्रश्न सुटला.

राहिला गुलाबी डबा. तो रिकामाच होता.

पहिल्या आठवड्यात मला काही वाटलं नाही. नंतर लक्ष जायला लागलं. रोज सकाळी गाडीची घंटा ऐकू आली की मी सगळे डबे गोळा करायचे, मायच्या खोलीत जायचे, आणि डब्यात मी घातलेला पेपर तसाच कोरा. गुडघ्याच्या गोळ्या ती रोज घ्यायची, मग गोळ्यांची पाकिटं कुठं गेली? विंचरल्यावर केसांचा गुंता निघतो, तो कुठं गेला? संध्याकाळी तिला मोसंबं सोलून खाताना मी बघितलं होतं. साल नाही, बी नाही. मी खाटेखाली बघितलं, गादीखाली बघितलं, एकदा खिडकीतून वाकून बाहेर बघितलं. पिशवीत हात घालायचं मात्र धाडस झालं नाही. ऑफिसात फाईल समोर असायची आणि माझ्या डोक्यात मोसंब्याच्या साली. जिथं माणूस राहतं तिथं कचरा होतो. त्या खोलीत कुणी राहतच नव्हतं.

शेजारी एक काकू राहतात, रिटायर गुरुजींच्या बायको. त्यांनी मला एकदा गेटपाशी गाठलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "तुमच्या आईंची तब्येत बरी आहे ना?"

"बरीय की. का हो?"

"नाही, रोज उजाडताना पदराखाली काहीतरी घेऊन मागच्या मोकळ्या प्लॉटात जातात. बसतात तिथं." मग जरा थांबून, "घरात संडास आहे ना ओ तुमच्या?"

"दोन आहेत," मी म्हणाले. एकच आहे.

दुसऱ्या दिवशी मी माय उठायच्या आधी उठले आणि अंथरुणात डोळे मिटून पडून राहिले. ती उठली, कडी आवाज न करता काढली. मी मागनं गेले आणि कंपाउंडच्या भिंतीआड उभी राहिले. नुकतं फटफटायला लागलं होतं. प्लॉटाच्या कोपऱ्यात एक बाभळ आहे, तिच्या बुडाशी माय खाली बसली. ते बसणं मला बघवेना. आधी एक हात मातीत टेकला, मग एक गुडघा, मग तोंडातनं एक आवाज, मग दुसरा गुडघा. पदराखालून माझ्याच बागेचं खुरपं काढलं. उकरलं. पदराची गाठ सोडून त्यात काय ते ओतलं, माती ओढली, हातानं थापटली, वर एक दगड ठेवला. झाल्यावर ती जागा जरा लांबून बघितली, आणि पुन्हा वाकून दगड थोडा सरकवला.

मी पुढं गेले नाही. ती काय करत होती ते मला एकदम कळलं होतं.

मी लहान असताना आमच्या टोळीचा मुक्काम एका मळ्यात होता. ऊस संपत आला होता, गाड्या भरायच्या होत्या. मळ्याचा मालक सकाळी लवकर आला, त्याच्याबरोबर त्याचा कुणी पाहुणा होता. मालक हातातल्या उसाच्या टिपऱ्यानं कोपीकडं दाखवत त्याला म्हणाला, "ही लोकं जातेत आन मागं घाण ठिवून जातेत." माय कोपीच्या मागं हातात खराटा घेऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती पुढं आली नाही. पण त्या दिवसापासून ती मुक्काम हलवायच्या दिवशीच नाही, रोज सकाळी सगळा केर पुरायला लागली. चुलीची राखसुद्धा. बाकीच्या बायका हसायच्या, "काय गं, मालकीण हायस का वावराची?" ती म्हणायची, "मागून येनाऱ्यानं नाव ठिवू नये." आणि गाठोडं कायम बांधलेलं. मुकादम उठा म्हणाला की आमची बैलगाडी पहिली निघायची.

म्हणजे माझ्या घरात, फरशीच्या खोलीत, पंख्याखाली, माय कोपीत राहत होती.

त्या संध्याकाळी ती ज्वारी निवडत बसली होती. मी समोर बसले.

"माय, त्यो खाटंजवळचा डबा कशाला ठिवलाय मी?"

"असू दे की. चांगला दिसतोय."

"त्यात टाकत जा ना."

"माझं काय असतंय टाकायला."

"गोळ्यांचं पाकीट असतंय. केस असतेत."

तिनं सुपातनं मान वर केली. कळलं तिला, की मला कळलंय. जरा वेळ ती खडे शोधत राहिली.

"लेकीच्या घरी मानूस खातंय, झोपतंय, तेवढं बास हाय. वर माझा केर बी तूच उचलनार?"

"मी माझा उचलते, ह्यांचा उचलते, पोरीचा उचलला."

"ते तुझं घर हाय."

"मग तू कुठं बसलीयस?"

तिनं सूप घोळलं, खडा सापडला, तो उचलून तिनं मुठीत धरला. टाकला नाही. मी उठले, गेटपर्यंत गेले, परत आले, बादलीची तार आवळली. पुन्हा गेटपर्यंत गेले. काही सुचत नव्हतं. मायला समजावता येत नाही. आपण तिच्याकडं नुसतं बघत राहायचं.

मग तो जेसीबी आला. सुट्टीचा दिवस होता. मागच्या प्लॉटच्या मालकानं बांधकाम काढलं होतं. माय पायरीवर उन्हात बसली होती, मी कपडे वाळत घालत होते. जेसीबीनं बाभळ एका धक्क्यात आडवी केली आणि तिच्या बुडाची माती उचलली. वर आली ती माती नुसती माती नव्हती. गोळ्यांची पाकिटं उन्हात चमकली. मोसंब्याच्या वाळक्या साली. आणि केसांचे गुंते, पांढरे, एकात एक गुंडाळलेले, जेसीबीच्या दातांना अडकून लोंबत होते.

ड्रायव्हरनं मशीन बंद केली. मालक मोटारसायकलवरून उतरून पुढं गेला आणि जागच्या जागी थांबला.

"हे काय बे?"

"केस हायत, शेठ."

"ते दिसतंय. कुणी पुरले?"

"मला काय म्हाईत. करणीबिरणी आसंल. मी न्हाई हात लावनार."

"अरे पायाच खणायचाय अजून, आन तू करणी काय लावली?" असं म्हणाला खरा, पण तोही दोन पावलं मागं सरला. त्यानं फोन काढला आणि घरी लावला. "लिंबू पाठवून दे. लिंबू, लिंबू. आन नारळ." काकू गच्चीवर आल्या. गल्लीतली दोन-चार माणसं भिंतीला येऊन टेकली. कुणी म्हणालं हे आठवड्याचं नाही, जुनं आहे. कुणी म्हणालं बाईमाणसाचं काम आहे, केसांवरून कळतंय.

मी मायकडं बघितलं. ती उठून उभी राहिली होती, एक हात दाराच्या चौकटीला. तिचं तोंड त्या मळ्यातल्या सकाळसारखं झालं होतं. मी हातातली ओली चादर तशीच भिंतीवर टाकली आणि प्लॉटात गेले.

"ते आमचं आहे."

मालक वळला. "काय आमचं?"

"तो कचरा आमच्या घरचा आहे. माझ्या आईचे केस आहेत, तिच्या गुडघ्याच्या गोळ्या आहेत. ती रोज पुरत होती, घाण उघड्यावर पडू नये म्हणून. दुसरं काही नाही."

"अहो ताई, पण कचरा कुणी पुरतं का? गाडी येती ना दारात?"

"येते. माझी आई ऊसतोडीला होती. तिथं गाडी येत नव्हती."

त्यानं एकदा जेसीबीच्या दातांकडं बघितलं. मग म्हणाला, "आता नवं घर बांधायला काढलं आन पहिल्या टोपल्यात केस निघाले, तर माणसाच्या मनात काय येईल सांगा."

"तुमच्या मनात येणार, त्याला माझा इलाज नाही. तुमच्या जागेत खड्डा केला, ते चुकलं. ते मी भरून देते."

"आता काय भरता ताई, आमाला खणायचंच हाय." मग त्यालाच हसू आलं. ड्रायव्हर हसला. भिंतीला टेकलेली माणसंही हसली, आणि करणी नाही म्हटल्यावर पांगली. नारळ मात्र त्यानं फोडलाच. एक वाटी आमच्याकडं पाठवली.

मी जेसीबीच्या दातांतले केस हातानं काढून घेतले, पाकिटं गोळा केली, घरी येऊन सगळं एका कागदात गुंडाळून बाजाराच्या पिशवीत टाकलं. माय आत होती. खुंटी मोकळी होती. पिशवी तिच्या मांडीवर, तोंड बांधलेली.

"मला गावाला सोड."

"माय, कुनी काय म्हनलं न्हाई. त्यानं खोबरं दिलंय बघ."

"मानसाच्या नव्या घराच्या पायात माझे केस निघाले. आनखी काय म्हनायचं ऱ्हायलं? चार मानसात तुला उत्तर द्यावं लागलं. सोड मला."

"उद्या सोडते," मी म्हणाले. आज नको म्हणायला दुसरं काही सापडलं नाही. आणि घरात थांबवेना म्हणून माझी ती बाजाराची पिशवी घेऊन निघाले. काही आणायचं नव्हतं. भाजीच्या रांगेतून गेले, परत आले, पुन्हा गेले. एका म्हातारीजवळ बोरं होती, लहान, गावरान, तांबूस. संक्रांत जवळ आली होती. आम्ही लहानपणी कोपीच्या मागच्या बोरीची खायचो तशीच. घेतली.

घरी आले तर माय तशीच बसलेली, पिशवी मांडीवर, जशी काही जीप दारात उभी आहे. मी तिच्या खाटेवर तिच्या शेजारी मांडी घालून बसले, बोरं मध्ये ओतली आणि खायला लागले. पहिली बी गुलाबी डब्यात टाकली. रिकाम्या डब्याच्या तळाला टक असा आवाज झाला. मी दुसरं बोर खाल्लं. टक. तिसऱ्याची बी बाहेर पडली, फरशीवर गडगडत गेली.

"झाडून काढलंय मी आत्ता," माय म्हणाली. "नीट टाक की."

"नेम न्हाई लागला."

ती उठली, बी उचलली आणि डब्यात टाकली. परत बसली. थोड्या वेळानं तिचा हात बोरांकडं गेला. एक बोर तिनं पदराला पुसलं, तोंडात टाकलं, सावकाश चघळलं. डाव्या दाढा पडल्यात, त्यामुळं तिला वेळ लागतो. मग मूठ तोंडापाशी नेली, बी मुठीत घेतली, आणि मूठ मिटूनच ठेवली.

मी डबा उचलून तिच्यापुढं धरला.

"टाक."

"असू दे."

"टाक म्हनते ना. अशीच बी गिळायचे मी, तवा माझ्या तोंडापुढं हात कोन धरायचं? थुक म्हनायचीस, हातावर थुक. तवा माझं उष्टं तुला चाललं."

"तू लेकरू होतीस."

"आता तू हो लेकरू. टाक डब्यात."

मग तिला हसू आलं, जावयासमोर पदराआड लपवते तेच. तिनं मूठ उघडली. टक.

आम्ही सगळी बोरं संपवली. उजेड जाईपर्यंत बसलो होतो. मध्येच केव्हातरी पिशवी तिच्या मांडीवरून खाटेवर सरकली. जेसीबीच्या दातांतून काढलेले केस आणि गोळ्यांची पाकिटं अजून माझ्या बाजाराच्या पिशवीतल्या कागदात तशीच होती. मी ती सगळ्यांत शेवटी, तिच्या देखत, त्याच डब्यात टाकली.

सकाळी गाडीची घंटा वाजली तेव्हा मी मोरीत होते. हात धुऊन धावत बाहेर आले तर माय गेटपाशी उभी, गुलाबी डबा दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला. गाडीवरच्या बाईला विचारत होती, "ह्या बिया वल्ल्यात का सुक्यात?"

"वल्ल्यात टाका मावशी. पण पाकिटं काढून घ्या, ती सुक्यात. केस बी सुक्यात."

"कावून? केस तर मानसाचेच हायत की."

"आता मी काय सांगू मावशी, तसं हाय."

माय तिथंच गेटला टेकून एक एक पाकीट वेगळं काढायला लागली. गाडी थांबलेली, मागं हॉर्न वाजतोय. ती आपली निवांत निवडतीय, सुपात ज्वारी निवडावी तशी.

मी ऑफिसला गेले. गावाला सोडायचं मी बोलले नाही, तिनंही काढलं नाही. पण दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. तिनं काढलं नाही म्हणजे विसरली, का माझ्यापाठोपाठ निघाली? दुपारी फोन वाजला. घरचा नंबर. मी उभीच राहिले.

"येताना डबा आन," माय म्हणाली.

"कसला डबा?"

"माझ्या खोलीतला. मोठा आन जरा. ह्यात काय बसतंय? अन् बाजारात हरभऱ्याचे ढाळे आले आसतील, ते बी आन. टरफलं लई निघतेत त्याची."

ढाळे आणले. डबा नाही आणला. मी तिला समजावून सांगितलं की खोलीतला डबा लहानच हवा, रोज रिकामा होतो तोच डबा चांगला, मोठ्यात कचरा साचून राहतो. तिला पटलं नाही. अजून पटलेलं नाही. संध्याकाळी मी चप्पल काढून खुंटीकडं बघते, पिशवी असते. तिच्यातला कंगवा आता आरशाच्या फळीवर आलाय, लुगडी पिशवीतच आहेत. आणि हरभऱ्याची टरफलं डब्याच्या कडेवरून फरशीवर सांडलेली असतात. ती झाडता झाडता माय मला ऐकवते, की एवढं कॉलेज शिकून तुला साधा डबा घ्यायची अक्कल न्हाई आली.